दोन ओळींच्या फायली

सारिका मुळीक खोटं बोलली ते भर बैठकीत, हातात चहाचा कप धरून. आपण खोटं बोलतोय याचा तिला पत्ता नव्हता, असं म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. पण पडद्यावर परदेशातल्या देणगीदार संस्थेच्या बाई बसल्या होत्या, आणि सिस्टिम बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा पराग टेंबे उत्तराची वाट बघत होता.

"मॅडम, शेवटचा प्रश्न," पराग म्हणाला होता. "तुमच्याकडे काही अलिखित पद्धती आहेत का? म्हणजे कागदावर नाही, पण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, असं काही?"

"नाही हो," सारिका म्हणाली. "जे आहे ते सगळं फायलीत आहे."

पडद्यावरच्या बाईंनी समाधानानं मान हलवली. सत्तावीस वर्षांच्या पूर्ण नोंदी असतील तरच नवी सिस्टिम मिळणार, अशी त्यांची अट होती. नसतील, तर दुसऱ्या जिल्ह्यातली एक संस्था रांगेत उभीच होती.

इचलकरंजीतली 'ओसरी' ही घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी काम करणारी संस्था. सात कार्यकर्त्या, नऊशे चालू केसेस, आणि लोखंडी कपाटांत सहा हजार शंभर फायली. २०३५ साली सिस्टिमचा प्रकल्प आला तो सारिकाच्या गळ्यात पडला, कारण तिला एक्सेल येत होतं. संस्थांमध्ये हे असंच असतं. ज्याला जे येतं ते त्याला भोगावं लागतं.

आता ती अलिखित पद्धत काय होती ते सांगायला हवं. २०१२ साली एका बाईची फाइल तिच्या नवऱ्याच्या वकिलानं कोर्टातून मागवली. फाइल कशी, तर नमुनेदार! काय घडलं, कधी घडलं, आणि बाई सध्या निपाणीत मावशीकडे आहे, गल्ली अमुक, घर तमुक. चौथ्या दिवशी नवरा निपाणीत पोचला. ती बाई वाचली नाही. ती फाइल मालनताई आवटींनी लिहिली होती. तोवर त्यांच्या सुवाच्य अक्षराचं संस्थेत भारी कौतुक व्हायचं.

तेव्हापासून ओसरीत एक रीत पडली. धोका जितका मोठा, तितकं फायलीत कमी लिहायचं. सासूशी पटत नाही, नवरा माहेरी जाऊ देत नाही, अशाला वीस पानं. जिच्या जिवावर बेतलंय तिला दोन ओळी. आणि तिला परगावी, दुसऱ्या नावानं बसवून दिलं की शेवटी लिहून टाकायचं : 'पुन्हा आली नाही. तक्रार नाही. प्रकरण बंद.' उद्या कुणी फाइल उघडलीच तर त्याला वाटावं, या बायांना काही माहीत नाही, चला पुढं. खरं काय ते कार्यकर्तीच्या डोक्यात. नवी मुलगी हे पहिल्या महिन्यात ओरडा खाऊन शिकायची. सारिकाही तशीच शिकली होती, सोळा वर्षांपूर्वी, मालनताईंच्याच हाताखाली. इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला पद्धत म्हणतात हेच ती विसरली होती.

सिस्टिमचं नाव ठेवलं 'जागल'. शेतात रात्रभर बसून पिकाची राखण करतात, ती जागल. नाव अध्यक्षांनी सुचवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जागलनं काय केलं ते नीट समजून घ्या. सगळ्या फायली स्कॅन झाल्या, हातानं लिहिलेलं अक्षर त्यानं वाचून काढलं. मग प्रत्येक केसची सुरुवात आणि शेवट यांची जोडी लावली. अशी सुरुवात झाली तर शेवट काय झाला? हजारो जोड्या लावल्या की कुठल्या खुणा वाईट शेवटाकडे नेतात ते यंत्राला आपोआप दिसायला लागतं. नियम कुणी सांगावा लागत नाही, ते स्वतःच शोधतं. मग चालू केसमधल्या प्रत्येक बाईला शून्य ते शंभरातला धोक्याचा आकडा देतं, आणि रोज सकाळी यादी लावतं : आज आधी कुणाकडे जायचं.

सारिकाचा समज असा की दोन ओळींच्या फायलीतून यंत्राला काही मिळणारच नाही, ते त्या बाजूला ठेवेल. इथंच ती फसली. जे लिहिलेलं नसतं, त्यातूनही यंत्र शिकतं. आणि ओसरीच्या कागदांत एक खूण तर लख्ख होती : फाइल दोन ओळींची असली की शेवटी 'तक्रार नाही' येतंच येतं. जागलच्या हिशेबी सगळ्यात सुखी बायका त्याच.

परागनं चाचणी घेतली. सहाशे फायली यंत्राला न दाखवता बाजूला ठेवल्या आणि त्यांचे शेवट ओळखायला लावले. शंभरातले ब्याण्णव बरोबर! पेढे वाटले. अहो, बरोबर येणारच की! ज्या हातांनी सुरुवात लिहिली त्याच हातांनी शेवट लिहिला होता.

आणि यंत्र अगदीच बिनकामाचं होतं असंही नाही. दुसऱ्याच महिन्यात जागलनं एका साठीच्या आजीबाईंना यादीत पहिलं आणलं. दोन वर्षं सगळ्यांनी त्यांना "काय, रोजचंच रडगाणं" म्हणून मागं टाकलं होतं. सारिका गेली तेव्हा मुलानं आजींना कोळशाच्या खोलीत कोंडलं होतं, तिसरा दिवस होता. त्या दिवसापासून सारिकाची यंत्रावर श्रद्धा बसली. रोज सकाळी सातही जणी चहा घेत "आज कुणाची काळजी वाटते गं?" म्हणून वाद घालायच्या, ती बैठक बंद झाली. यादी होती ना.

मालनताईंचं आणि जागलचं मात्र जमेना. वय चौसष्ट, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"ताई, तुमच्या एक्केचाळीस केसेस लाल दिसतायत. माहिती अपुरी," सारिका एकदा त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाली.

"दिसू देत. डोळं दुखत असतील तर बघू नगंस."

"थोडं तरी भरा. आत सगळं कुलूपबंद असतं."

"कपाटालाबी कुलूप होतं की गं. कोर्टाचा कागद आला की उघडलं कुणी? आपणच."

"पण मग मशीनला कळणार कसं?"

मालनताईंनी चष्मा काढला. "तू इचारतीस मला हे? तुला ठावं न्हाई?"

ठाऊक होतं. तेव्हाच परागला फोन करून सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे बैठकीत आपण खोटं बोललो हे कबूल करायचं, आणि ब्याण्णव टक्के, पेढे, देणगी, सगळ्यावर पाणी. "शिकतंय ते अजून, थोडा वेळ द्या," असं काहीतरी पुटपुटून ती आपल्या जागेवर गेली. माणूस असा असतो. एकदा बोलून गेलं की त्याच बोलण्याची राखण करत बसतो.

पावसाळा सरता सरता मालनताई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दीड महिना रजेवर निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सारिकाला मागच्या दारी बोलावलं.

"बाकीच्या चाळीस जणी दम धरतील. एकच सांगते. कान इकडं कर."

अक्षता म्हेतर. वय तेवीस, पदरात दोन वर्षांची ओवी. नवरा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. गल्लीत वर मान करून बोलायचा नाही, आणि घरात एकदा तिची दोन बोटं पान्ह्यात धरून पिळली होती. तिचा मोबाइल त्याच्या खिशात असायचा. ती कापडाच्या घड्या घालायच्या कामाला जायची, तिथल्या मुकादमाच्या फोनवर मालनताई दर मंगळवारी चार वाजता फोन करायच्या, शिंपीण म्हणून. ब्लाउजच्या बोलण्यात काय ते कळायचं. हुबळीच्या एका वसतिगृहात तिची आणि पोरीची जागा ठरली होती, दिवाळीनंतरच्या एक तारखेपासून.

"तवर तिला जपायची. लिहायचं न्हाई काही," मालनताई म्हणाल्या.

"मी स्वतः करेन फोन. शब्द देते."

आणि सारिकानं शब्द पाळला, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. चार मंगळवार, ठोक्याला चार वाजता, तिनं शिंपीण होऊन फोन केला. अक्षताचा आवाज बारीक, घाईतला. तिसऱ्या मंगळवारी ती चक्क हसली होती. "बाह्या लांब ठेवा हं मावशी," म्हणाली, "तिकडं थंडी असती म्हणं."

सारिकानं यातलं अक्षरही सिस्टिममध्ये भरलं नाही. रीतच होती तशी. पण जागलला काय दिसलं? कार्यकर्ती रजेवर, धोक्याचा आकडा चार, रजा लागल्यापासून तीस दिवस संपर्क शून्य. अशा केसला यंत्रानं आपणहून फोन करायचा, हा नियम उन्हाळ्यात सारिकानंच मंजूर केला होता. नऊशे बायका, सात कार्यकर्त्या. कमी धोक्याच्या बायकांना यंत्रानं विचारावं, यात वावगं काय होतं? रोजच्या यादीत पहिल्या चाळीस जणीच दिसत. अक्षताचा नंबर सहाशे अकरावा होता.

एकतिसाव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी अकरा वीसला, नोंदणीच्या वेळी घेतलेल्या अक्षताच्या मोबाइल नंबरावर फोन गेला. शुक्रवारी माग बंद, नवरा-बायको दोघंही घरी. "नमस्कार. ओसरी महिला संस्थेकडून आपल्या चौकशीसाठी हा फोन आहे. आपण सुरक्षित असाल तर एक दाबा. मदत हवी असल्यास दोन दाबा."

एक दाबला गेला. जागलनं हिरवी खूण केली.

पुढच्या मंगळवारी चार वाजता सारिकानं मुकादमाला फोन लावला. "अक्षताला द्या की जरा. ब्लाउज तयार झालाय तिचा."

मुकादम म्हणाला, "कसला ब्लाउज वो बाई. ती गेली की. शुक्रवारी दुपारी गच्चीवरनं पडली, कपडं वाळत घालताना."

सारिकानं फोन ठेवला आणि सिस्टिम उघडली. दोन ओळी मालनताईंच्या. खाली यंत्राची तिसरी : शुक्रवार, ११.२०, सुरक्षित. तिनं ती ओळ कितीदा वाचली असेल कुणास ठाऊक.

अक्षताची आई, इंदुबाई, शिरोळकडच्या एका खेड्यातून आली होती, आणि अंत्यविधीनंतर ओवीला आपल्या घरी घेऊन गेली होती. लेकीनं एकदा ओसरीचं नाव तिच्या कानावर घातलं होतं. ते तिनं पोलीस ठाण्यात सांगितलं आणि तिथून सारिकाला बोलावणं आलं. तपास करणाऱ्या बाई सरळ होत्या. फोनवर त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"मॅडम, साक्षीदार कुणी नाही. अंगावर जुन्या खुणा आहेत, पण तो म्हणतो कामावर लागलं. आधीपासून मारहाण होत होती असं तुमची संस्था म्हणत असेल, तर मला गुन्हा लावता येईल. नसेल तर अपघात. नोंदी घेऊन उद्या अकराला या. आणि एक लक्षात ठेवा, फायलीत नाही ते तोंडानं सांगितलंत, तर का नाही लिहिलं हे त्याचा वकील पहिलं विचारेल."

त्याच संध्याकाळी सारिका लॅपटॉप घेऊन मालनताईंच्या घरी गेली. गुडघ्याला पट्टा बांधून त्या खाटेवर बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"एक त्यानं दाबला गं. फोन त्याच्या खिशात असतोय. एक दाबला अन् मग..." त्या पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "मी येते उद्या. सांगते, माझीच चूक. आळस केला, लिहायचं राहून गेलं. माझी अब्रू गेली तर जाऊ दे, त्याला फास बसू दे."

"ताई, तुम्ही एक फाइल विसरलात म्हणाल. मग तो वकील कोर्टाकरवी जागलला विचारायला लावेल, बाई आणखी किती फायली विसरल्या?"

"सहा हजार फायली. कोण उचकत बसतंय?"

सारिकानं जागलला तो प्रश्नच टाकला : दोन ओळींच्या फायली, शेवट 'तक्रार नाही'. सेकंदसुद्धा लागला नाही. तीनशे अडतीस नावं, सासरच्या पत्त्यांसकट, ओळीनं.

मालनताईंनी लॅपटॉप मांडीवर ओढला. नावावर बोट ठेवत त्या वाचत गेल्या. "ही... हिचं पोरगं यंदा धाव्वीला असंल. ही बेळगावात, दुसरं लगीन केलंय. ही... हिचा नवरा अजून दर सणाला तिच्या आईच्या दारात येऊन बसतोय, कोयता घेऊन." विसाव्या-पंचविसाव्या नावाला बोट थांबलं. कपाटात होत्या तोवर या बायका सहा हजारांच्या गर्दीत हरवलेल्या होत्या, तेच त्यांचं संरक्षण होतं. आता त्या एका हाकेवर बाहेर येत होत्या. ही यादी एकदा कोर्टात गेली, की तीनशे अडतीस नवऱ्यांना कळणार होतं की बायको कुठं आहे ते ओसरीला ठाऊक आहे.

"पुसून टाक ना गं हे," मालनताई म्हणाल्या.

"पुण्यात एक प्रत आहे, परदेशात एक. पुसता येत नाही. मीच करारावर सही केलीय."

मालनताईंनी लॅपटॉप मिटला. म्हणाल्या, "मला नगं इचारूस, पोरी. निपाणीची एक माझ्या माथ्यावर हाय. आता ही दुसरी. मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सारिका पोलीस ठाण्यात गेली. बाकावर इंदुबाई बसली होती, मांडीवर ओवी. सारिका आत गेली तेव्हा काय बोलायचं हे तिचं ठरलेलं नव्हतं. तपास करणाऱ्या बाईंनी सिस्टिमच्या नोंदीचा कागद पाहिला, मग तिच्याकडं पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"तुमची खात्री आहे? अहो, मला सुद्धा वाटतंय यात काहीतरी आहे. तुम्ही एक वाक्य बोललात तर मी पुढचं बघते."

सारिकाच्या डोळ्यांपुढं अक्षता येईना. तिनं तिला कधी पाहिलंच नव्हतं, आवाज तेवढा ऐकला होता. दिसत होती ती यादीतल्या त्या बाईची आई आणि तिच्या दारात कोयता घेऊन बसलेला माणूस.

"नोंद बरोबर आहे," ती म्हणाली.

बाईंनी निःश्वास टाकला आणि जबाब लिहून घेतला. 'त्या दिवशी सकाळी मयताने आपण सुरक्षित असल्याचे संस्थेस कळवले होते.' सारिकानं सही केली.

ती बाहेर आली तर इंदुबाई पाठोपाठ रस्त्यावर. एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर तिनं सारिकाला गाठलं.

"मॅडम, काय सांगितलं वो तुम्ही?"

"जे फायलीत आहे ते."

"काय हाय फायलीत?"

"तक्रार नव्हती म्हणून. त्या दिवशी बरी आहे असं कळवलं होतं."

इंदुबाई कठड्यावर बसली. "म्हंजे बरी होती. बघा, अन् मी जल्मभराचा आळ घेतला जावयावर. तो कालधरनं पोर मागतोय, माझी लेक मला द्या म्हणून रडतोय. मी दार लावून घेतलं." तिनं ओवीच्या तोंडावरचे केस मागं सारले. "आता कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू? सांजच्याला सोडून येते तिला."

"मावशी, पोर देऊ नका."

"का वो?"

सारिकानं इकडं तिकडं पाहिलं. मग ती इंदुबाईशेजारी बसली आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. पान्हा, बोटं, खिशातला फोन, मंगळवारचे चार, हुबळीची जागा, आणि तो एक आकडा कुणी दाबला असणार ते. ओवी सारिकाच्या ओढणीच्या गोंड्याशी खेळत होती.

"हे तुला ठावं होतं?" इंदुबाईनं विचारलं. 'मॅडम' आणि 'तुम्ही' दोन्ही गेलं होतं.

"हो."

"आत बसली हुतीस तवाबी?"

"हो."

"मग तिथं का न्हाई बोललीस?"

का, ते तीनशे अडतीस बायकांनी सांगितलं असतं. सारिकाला त्यातल्या एकीचंही नाव घेता येत नव्हतं, या बाईपाशी तर नाहीच.

इंदुबाईनं ओवीच्या मुठीतून तो गोंडा सोडवला. पोरीला काखेत घेतलं, पिशवी उचलली आणि शिरोळची गाडी लागली होती तिकडं निघाली. सारिका मागोमाग गाडीपर्यंत गेली. इंदुबाई खिडकीशी बसली. ओवी काचेवर हात आपटून सारिकाकडं बघत हसायला लागली, तेव्हा आजीनं तिचं तोंड आतल्या बाजूला वळवलं.